मास्तरांना कार्ड नव्हतं

मास्तरांना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची आणि ती ते लपवत नसत. पावावरच्या मार्जरीनपासून टीव्हीवर एकमेकांना पहिल्या नावाने हाका मारणाऱ्या मंत्र्यांपर्यंत सगळं त्यांच्या लेखी किळसवाणं होतं. हा शब्द ते चष्मा काढून उच्चारत. नाकाच्या दोन्ही बाजूंना सुरकुत्या पडत, वरचा ओठ जरासा उचलला जाई आणि मग एकेक अक्षर चावून शब्द बाहेर येई. मी त्यांच्याकडे राहायला गेले त्या दिवशी दार उघडून त्यांनी आधी माझ्या हातातल्या, विमानतळावर घेतलेल्या अर्धवट सँडविचकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "किळसवाणं," ते म्हणाले. "आत ये. वरणभात झालाय."

डंडीत तेव्हा मराठी घरं मोजून सात-आठ. ती सगळी त्यांना मास्तरच म्हणत, कारण तीस वर्षं त्यांनी तिथल्या शाळेत गणित शिकवलं होतं. मूळचे खडकीचे, सत्तरच्या दशकात स्कॉटलंडला आलेले. फ्रंट रूमच्या भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो होता, जो पाहिल्यावर मराठी माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, माझ्या येण्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या. मी एमएस्सीला आले होते, युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलमधली खोली परवडत नव्हती आणि कोणीतरी मास्तरांचा नंबर दिला. माझ्या आईने पुण्याहून फोनवर आधी त्यांचं आडनाव विचारलं, ते ऐकलं आणि मग म्हणाली, "बघ बाई, तुझं तू. स्वयंपाकाचं काय करणार आहेस?" मी ठणकावून सांगितलं, ते करतील ते खाईन. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आता त्या अभिमानाला मास्तरांचाच शब्द लावावासा वाटतो.

भाड्याचा विषय काढला की मास्तरांचा हात चष्म्याकडे जायचा. विद्यार्थ्याकडून भाडं घेणं किळसवाणं, एवढंच त्यांचं म्हणणं. वर्षभर मी त्यांच्या घरात राहिले, जेवले, फ्लूने आजारी पडले, त्यांच्या हातची पेज पिऊन बरी झाले आणि एक पेनी त्यांनी घेतली नाही. मी भांडी घासायचे, तेही त्यांना पसंत पडायचं नाही. त्यांच्या मते मी कुकरची शिट्टी नीट घासत नसे, आणि ते खरं होतं.

मास्तरांकडे कार्ड नव्हतं. क्रेडिट नाही, डेबिट नाही, कसलंच नाही. बँकेत ते स्वतः जात, काउंटरवरच्या बाईशी हवेबद्दल चार शब्द बोलत आणि महिन्याच्या खर्चाच्या नोटा घेऊन घरी येत. लोकांना वाटायचं ही म्हातारपणाची खोड आहे. तसं नव्हतं. तरुणपणी एकदा त्यांनी कार्डासाठी अर्ज केला होता, तेव्हा उत्तर आलं की आमच्या नियमांनुसार आपण पात्र ठरत नाही. कारण दिलेलं नव्हतं. मास्तर तेव्हा कायम नोकरीत होते, घर घेतलेलं होतं. "मी कुठल्या नियमात बसत नाही ते त्यांनी सांगितलं नाही," ते मला म्हणाले होते. "खडकीत निदान तोंडावर सांगायचे." पुढे अशाच कंपन्यांची पत्रं महिन्याला ढिगाने येऊ लागली की आपण आता पात्र आहात. ती पत्रं मास्तर दोन बोटांत धरून, हात शरीरापासून लांब ठेवून रिसायकलिंगच्या डब्यापर्यंत नेत. माणसाची लायकी ठरवण्याचा धंदा करणाऱ्याशी त्यांना कसलाही व्यवहार नको होता.

मग प्रवास कसा करायचा? मास्तरांच्या मते जसा करायला हवा तसा. महिनाभर आधी ते बी अँड बीच्या, म्हणजे राहायची आणि नाश्त्याची सोय करणाऱ्या घराच्या, मालकिणीला पत्र लिहीत: दोन दिवस, खोल्या अमुक, येणार अमुक गाडीने, पैसे रोख. उत्तर आल्याशिवाय घर सोडत नसत. स्टेशनच्या खिडकीशी उभे राहून तिकीट काढत. नोटा असत आतल्या बंडीला काकूंनी शिवून दिलेल्या कप्प्यात, त्यामुळे त्या काढायच्या म्हणजे टाय सैल करा, शर्टाची दोन बटणं उघडा, हात आत घाला. मागे रांग खोळंबली तरी मास्तर घाई करत नसत. नोटा अर्थातच स्कॉटलंडच्या. तिथल्या बँका आपापल्या नोटा छापतात. पाउंड तोच, फक्त राणीच्या जागी कुठे पूल असतो, कुठे मासा, कुठे कोणी मेलेला कवी.

ईस्टरला ते मला आणि त्यांच्या नातीला बसने ओबानला घेऊन गेले. बी अँड बीची मालकीण सत्तरीची होती. तिने नोटा न पाहताच एप्रनच्या खिशात टाकल्या आणि नाश्त्याला अंडी किती, ते विचारलं. बाहेर धक्क्यावर आल्यावर मास्तर म्हणाले, "बघितलंत? तिनं अंडी विचारली. लायकी नाही विचारली." त्या दिवसभरात त्यांना कशाचीही किळस आली नाही, अगदी समुद्रपक्ष्याने माझ्या हातातला मासा पळवला तरीसुद्धा.

नातीचं नाव आयला. तिकडे मुलींचं हे चांगलं, चारचौघांतलं नाव आहे. मुलाने आणि स्कॉटिश सुनेने हौसेने ठेवलेलं. पण खडकीत वाढलेल्या माणसाने भर बागेत उभं राहून 'आयला, इकडे ये' असं कसं ओरडायचं? मास्तरांनी बारशाच्या दिवसापासून तिला इला केलं. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि शाळा सुटली की आजोबांकडे यायची. गणित त्यांच्याकडे, रविवारचं जेवण त्यांच्याकडे. मराठीही त्यांनीच शिकवली आणि इला ती बेधडक बोलायची, फक्त कुठली वस्तू तो, कुठली ती आणि कुठली ते, याचा निकाल दरवेळी नव्याने लावायची. "आजोबा, माझा भाकरी कुठे आहे?" असं विचारायची. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर चष्मा निघाला असता. हिच्या भाकरीवर मात्र मास्तर गुपचूप जास्तीचं तूप घालायचे.

ते दोन हजार चौदा साल होतं. स्कॉटलंडने वेगळा देश व्हावं की नाही यावर सप्टेंबरात सार्वमत व्हायचं होतं. सोळा वर्षांच्या मुलांनाही मत होतं, म्हणजे इलाला होतं. तिथे राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकांनाही होतं, म्हणजे भारतीय पासपोर्ट घेऊन वर्षभरासाठी आलेल्या मलासुद्धा होतं. इलाच्या दप्तरावर 'येस'चा निळा बिल्ला होता आणि तिच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांच्या दप्तरावर तो होता. मास्तर ठाम 'नो'. त्यांच्या वयाच्या शेजाऱ्यांना बहुतेक पेन्शनची धास्ती होती, पण मास्तरांचं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी एका रविवारी जेवताना इलाला सांगितलं.

"ब्रिटिश व्हायला मला एक अर्ज लागला," ते म्हणाले. "भरला, सही केली, झालो. कोणी माझा बाप काढला नाही. स्कॉटिश व्हायला काय लागतं? त्याचा अर्ज कुठे मिळतो? चाळीस वर्षं इथे आहे, अजून बसमध्ये विचारतात, तू खरा कुठला."

"मला कोणी नाही विचारत," इला म्हणाली.

"तू इथली आहेस म्हणून."

"हो ना. मग मला माझी देश पाहिजे. आजोबा, तुम्ही पासपोर्टला व्होट करता. मी घराला करते."

मास्तरांनी यावर तिला भाजी वाढली. मला त्या दिवशी इलाचं जास्त पटलं होतं आणि मास्तरांचं जास्त कळलं होतं. मी दोघांनाही तसं सांगितलं नाही, कारण मला दोघांकडूनही जेवणं हवी होती, गप्पा हव्या होत्या, आणि वाद नको होता. असं मधलं बसून राहायची मला सवयच आहे.

माझं मत म्हणाल तर ते पेटीत पडलंच नाही. नाव नोंदवायचा फॉर्म मास्तरांनी स्वतः माझ्यापुढे ठेवला होता, पेनसुद्धा त्यांचंच. मतदानाच्या सकाळी ते थ्रीपीस सूट घालून सात वाजता केंद्राच्या दारात पहिले उभे होते, जसे प्रत्येक निवडणुकीत असत. मी लंडनजवळच्या क्रॉयडनला नोकरीची मुलाखत म्हणून आदल्या दिवशीच निघून गेले होते. मतदानाच्या रात्री उशिरा परत आल्यावर त्यांनी विचारलं, पोस्टाने पाठवता येत होतं, का नाही पाठवलंस? मी म्हटलं, विसरले. त्यांनी चष्मा काढला आणि तसाच पुन्हा लावला. जिन्यावरून वर जाताना मात्र थांबून म्हणाले, "मत मिळायला आमच्या लोकांना किती पिढ्या लागल्या, ठाऊक आहे तुला?" मला ठाऊक होतं. म्हणजे शाळेत धडा होता.

निकाल 'नाही' असा लागला. पण आमच्या डंडीने 'हो' म्हटलं होतं आणि त्या सकाळी सगळ्या गल्लीवर सुतकी कळा होती. अशा सकाळी मास्तरांनी काय करावं? बेकरीत जाऊन मोठा थोरला केक आणला, त्याचे तुकडे केले, कागदी बशांत घातले आणि ट्रे घेऊन दारोदार निघाले. निवडणूक संपली की जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या घरी गोड घेऊन जायचं, म्हणजे मनात अढी राहत नाही, हे त्यांनी लहानपणी आपल्या वस्तीत पाहिलेलं. त्यांच्या वडिलांनी तसं केलेलं. डंडीत कोणाला हे कसं कळणार? पहिल्या दोन घरांनी दार उघडलं नाही. तिसऱ्या दारातल्या बाईने ट्रेकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. मी मागे बशा घेऊन उभी होते आणि जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं.

तेवढ्यात समोरून इला आली. शाळेचा युनिफॉर्म, रडून रडून सुजलेले डोळे. "केक?" ती म्हणाली. "आजोबा, केक?" मास्तरांनी बशी पुढे केली. त्यांना खरंच वाटलं होतं की ती घेईल. ती वळून निघून गेली. त्या रविवारी ती जेवायला आली नाही आणि त्याच्या पुढच्याही रविवारी आली नाही. मास्तर तिच्या नावची भाकरी करत राहिले, मग एके दिवशी तेही थांबलं.

मी महिन्याभरात नोकरीसाठी लंडनला आले, पुढे लग्न झालं, स्टॅनमोरला घर घेतलं. मास्तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लँडलाइनवरून फोन करत आणि त्या महिन्यात कशाकशाची किळस आली ते सांगत. यादी दर वर्षी लांबत होती. त्यांच्या बँकेची शाखा बंद झाली. स्टेशनवरची तिकिटाची खिडकी अर्धा दिवस बंद राहू लागली. कोपऱ्यावरच्या कॅफेने दारावर 'फक्त कार्ड' अशी पाटी लावली. खिशात पैसे असलेल्या माणसाला चहा न देणं यापेक्षा किळसवाणं त्यांनी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. हे सगळं झालं की ते इलाबद्दल विचारत.

इला तोवर लंडनलाच आली होती. जिला स्कॉटलंड वेगळा हवा होता ती हाउन्सलोला विमानतळाजवळच्या मालवाहतुकीच्या कंपनीत काम करत होती आणि ज्यांना अख्खा देश एकत्र हवा होता ते डंडीतून हलत नव्हते. आजोबांना ती दिवाळीला एक मेसेज करायची, वाढदिवसाला एक फोन, तोही दोन मिनिटांचा. "भेटते का तुला?" मास्तर विचारायचे. मी सांगायचे, भेटते. "माझं काही विचारते?" मी सांगायचे, विचारते. कधी ते खरं असायचं, कधी नसायचं.

गेल्या वर्षी इलाचं लग्न ठरलं, सप्टेंबरात, हाउन्सलोलाच, रजिस्टर पद्धतीने. तिने आजोबांना पत्रिका पाठवली आणि खाली देवनागरीत हाताने लिहिलं, 'आजोबा तुम्ही याच.' मास्तरांनी मला रविवार नसताना फोन केला. ब्याऐंशी वर्षांचे होते, छातीचं दुखणं होतं, डॉक्टर प्रवासाला नाही म्हणत होते. "दहा वर्षं झाली," ते म्हणाले. "आता नाही गेलो तर आमचं दोघांचं त्या केकवरच संपेल." त्यांना तिच्यासमोर बसून एकदा बोलायचं होतं. तेवढ्यासाठीच निघायचं होतं. मुलगा आणि सून विमानाने पुढे जाणार होते आणि इलाच्या एका खोलीच्या घरात सोफ्यावर झोपणार होते. मास्तरांना विमान नको होतं, कारण विमानात पाणीसुद्धा कार्डावर मिळतं. राहायचं कुठे एवढाच प्रश्न उरला होता आणि तो त्यांनी मला विचारला नाही. फक्त गाडी लंडनला किती वाजता पोचते ते दोनदा सांगितलं.

स्टॅनमोरला आमच्या घरात तीन बेडरूम आहेत. तिसरीत व्यायामाची सायकल असते आणि तिच्यावर वाळत घातलेले कपडे. पण तेव्हा पुण्याहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आपले देव पितळेच्या डब्यात घालून. माझ्या मनात आलं, त्या विचारतील हे कोण, कुठले, आडनाव काय. जेवायला एकत्र बसायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढतील. तोंडाने काही बोलणार नाहीत, पण ताट-वाटी दोनदा विसळतील. हे सगळे प्रश्न मीच विचारले आणि मीच त्यांची उत्तरं दिली, दोन सेकंदांत. "मास्तर, घर अगदी भरलंय हो," मी म्हटलं. "मी तुम्हाला छानसं हॉटेल बुक करते."

"हो, हो," ते लगेच म्हणाले. "हॉटेलच बरं."

हॉटेल मी ट्यूबमध्ये, लंडनच्या भुयारी रेल्वेत, बसल्या बसल्या, माझ्या कार्डावर, फोनवरून बुक केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मास्तर किंग्ज क्रॉस स्टेशनला उतरले आणि मी त्यांना पोस्टाने पाठवलेला ट्यूबचा पास वापरून पिकॅडिली लाइनने एकटेच हाउन्सलोला गेले. मी क्रॉयडनच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. दोन वाजता त्यांचा फोन आला. मी नाव पाहिलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. सव्वादोनला पुन्हा आला, अडीचला पुन्हा. ती मीटिंग कशाबद्दल होती ते मला आज आठवतसुद्धा नाही.

झालं होतं असं. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने, ज्यावर बुकिंग झालं होतं ते कार्ड मागितलं. ते माझ्या पर्समध्ये, क्रॉयडनला. मग तिने मास्तरांचं स्वतःचं कार्ड मागितलं, खोलीत काही मोडतोड झाली तर असावं म्हणून. मास्तरांनी टाय सैल केला, बटणं उघडली आणि नोटा काउंटरवर ठेवल्या. ती म्हणाली, आम्ही कॅश घेत नाही, आणि घेत असतो तरी ही घेतली नसती. मास्तरांनी तिला वर्गात सांगावं तसं समजावलं की हे पाउंडच आहेत, याच देशाचे. तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर नोट उजेडात धरून बघत असताना मागच्या रांगेतला कोणीतरी हसला. मास्तरांनी नोट परत घेतली, घडी घातली आणि बॅग ओढत बाहेर पडले. समोरच्या कॅफेत चहा मागितला, तिथेही कार्ड. ज्या देशाचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून त्यांनी नात गमावली होती, त्याच्या राजधानीत त्यांची नोट चालत नव्हती. हे वाक्य माझं आहे. ते असं काही बोलले नाहीत.

मी पोचले तेव्हा साडेचार झाले होते. सगळा हाय स्ट्रीट पालथा घातला तेव्हा ते एका तुर्की न्हाव्याच्या दुकानात, खुर्चीवर, पांढऱ्या टॉवेलमध्ये सापडले. दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, फक्त कॅश. न्हाव्याने त्यांची दाढी केली होती, काचेच्या पेल्यातून चहा पाजला होता, आणि ती पूल छापलेली नोट उलटसुलट करून, खांदे उडवून ड्रॉवरमध्ये टाकली होती. मला वाटलं, आता चष्मा निघेल. हॉटेल, कार्डं, फोन न उचलणारी मी, सगळ्यांचा समाचार घेतला जाईल. मास्तर म्हणाले, "फार चांगला माणूस आहे. हात हलका आहे त्याचा." ते माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही हॉटेलात गेलो. मी कार्ड यंत्राला टेकवलं, बीप वाजलं, आणि दोन-अडीच तासांपूर्वी दारात उभं करायच्याही लायकीचा नसलेला माणूस लगेच 'सर' झाला. मला त्या बीपची शिसारी आली. मुलीने सहीचा कागद पुढे सरकवत सहज विचारलं, हे तुमचे वडील का?

"नो," मी म्हटलं. "माझे जुने लँडलॉर्ड."

का म्हटलं? पटकन सुचलं, समजायला सोपं होतं, पुढचे प्रश्न आले नसते. ज्यांनी वर्षभरात एक पेनी घेतली नाही त्यांना मी लँडलॉर्ड म्हटलं, आणि ते माझ्या शेजारी उभे होते. त्यांचे कान शेवटपर्यंत उत्तम होते. खोलीच्या दारापाशी त्यांनी विचारलं, "सासूबाई आल्यात ना तुझ्याकडे? इला म्हणत होती." मी हो म्हटलं. "मग बरोबर," ते म्हणाले आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं. इला काकूंची निळी साडी नेसली होती, खाली पांढरे बूट. जेवणाच्या वेळी मास्तर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. बहुतेक डंडीपासून घोकत आले असावेत, कारण एका दमात बोलले. "मत माझं होतं. उद्या पुन्हा विचारलं तर पुन्हा नाहीच म्हणेन. त्याची माफी मागणार नाही. पण तू रडत होतीस आणि मी केक पुढे केला. ते किळसवाणं होतं."

इलाने त्यांचा हात धरला. "मी पण पुन्हा येसच करणार, आजोबा."

"कर. पण मतदानाला जा. हिच्यासारखं विसरू नकोस." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. टेबलावरचे सगळे हसले, मीही हसले. इलाने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली, आणि मास्तर तिच्या पाठीवर थोपटत राहिले. ज्यासाठी ते आले होते ते त्यांना मिळालं. नोटांची गोष्ट त्यांनी तिला सांगितलीच नाही. सांगितली असती तर तिला वादात आयता मुद्दा मिळाला असता आणि मला त्या लग्नात तोंड दाखवता आलं नसतं. दोघींपैकी कोणासाठी गप्प बसले, ते मला माहीत नाही.

परतताना इला आणि तिचा नवरा त्यांना डंडीपर्यंत सोडायला गेले. मी किंग्ज क्रॉसला निरोप द्यायला गेले होते. मी म्हटलं, मास्तर, पुढच्या वेळी घरीच उतरायचं, काही ऐकणार नाही. मला त्यांच्याकडून तो एक शब्द ऐकायचा होता. मार्जरीनला, मंत्र्यांना, बँकेला ते जो ऐकवत तो मला ऐकवायला काय हरकत होती? मग मी माफी मागितली असती, रडले असते, मोकळी झाले असते. ते म्हणाले, "सासूबाईंना नमस्कार सांग." आणि गाडीत चढले.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांचा फोन आला नाही. मीच केला. हवा कशी आहे ते बोलले, तब्येत बरी आहे म्हणाले, माझ्या नवऱ्याची चौकशी केली. नोव्हेंबरातही तसंच. दोन्ही वेळा त्यांना एकाही गोष्टीची किळस आली नाही. परक्या माणसाशी आपण असंच बोलतो.

नोव्हेंबर संपता संपता मास्तर गेले. इलाचा फोन मी स्वयंपाकघरात घेतला आणि तिथेच स्टुलावर बसले. सासूबाई पोळ्या करत होत्या. कोण गेलं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आणि एकदा सुरुवात केल्यावर सगळंच सांगितलं. ते कोण, कुठल्या समाजाचे, वर्षभर त्यांनी मला कसं सांभाळलं, इलाच्या लग्नाला कसे आले आणि मी त्यांना कुठे ठेवलं. तिथे का ठेवलं ते मात्र मी सांगितलं नाही. त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"वरची सायकलची खोली मी रोज झाडत होते," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्हाला चालणार नाही."

"मला विचारलं होतंस?"

तव्यावरची पोळी करपली होती. सासूबाईंनी ती काढून बाजूला ठेवली आणि पुढची लाटायला घेतली. मी तिथेच बसून राहिले. मी त्यांना विचारलं नव्हतं.